मीटरवर दोनशे अडतीस

टर्मिनल दोनच्या दारात किल्ली दिली
एका पोराला. नाव विचारलं नाही.
हिरवं जाकीट, पाठीवर कंपनीचं नाव,
आणि छातीवर, त्याचं नाव असायला हवं तिथे,
नुसती टाचणी.
त्याने गाडीचे चार बाजूंनी फोटो काढले,
पोलीस काढतात तसे,
आणि पावती फाडून दिली. मागे बारीक अक्षरांत
तीन भाषांत एकच गोष्ट : कंपनी जबाबदार नाही.

विमान सुटायला पन्नास मिनिटं.
एवढ्यात माणूस कशावरही सही करतो.
पहिल्या नोकरीत पासपोर्ट असाच दिला होता,
चार वर्षं साहेबाच्या कपाटात.
तेव्हा तर पावतीही नव्हती.

गाडी तरी कसली, जुनी यारिस,
दुसऱ्या हाताची, बंपरला डावीकडे पोपडा.
पण लायसन्स सहाव्या टेस्टला मिळालेलं;
पाच वेळा परीक्षक बाई
काही न बोलता उतरून गेल्या होत्या.
सीट पुढे, शेवटच्या खाचेपर्यंत,
खाली धाकटीने विणलेली उशी,
तेव्हा कुठे मला बॉनेटपलीकडचा रस्ता दिसतो.

नांदेडला दाव्याची तारीख होती.
आमची आणि शेजारच्या मुक्कावारांची एक भिंत,
एकोणीस वर्षं ती कुणाची ते ठरत नाही.
उशाला वकिलाची फाईल घेऊन झोपले
तर साडेबाराला फोन थरथरला :
टोल, चार दिरहम वजा.
जरा वेळाने पुन्हा :
कल्ब्याचा रस्ता, वेग जास्त, सहाशे.

अंधारात उठून बसले.
माझी गाडी माझ्याशिवाय
डोंगर ओलांडून चालली होती.
कंपनीच्या नंबरवर बासरी वाजत राहिली.
त्याच जुडग्यात घराचीही किल्ली आहे,
हे आठवलं तेव्हा घशाला कोरड पडली.
सकाळी न्यायाधीश रजेवर.
पुढची तारीख मिळाली.

परतले. गाडी धुऊन पुसून उभी,
नको इतकी स्वच्छ.
सीट मागे, पार मागे; कुणीतरी लांब पायांचं.
आरशात रस्ता नाही, छत.
उशी डिकीत, ओलसर.
रेडिओवर पश्तोत कुणी बातम्या देत होतं
की भांडत होतं, कळेना.
मीटरवर दोनशे अडतीस जास्तीचे,
आणि मागच्या सीटच्या शिवणीत
माशाचं एक खवलं,
नखाएवढं, उजेड धरून बसलेलं.

काउंटरवर बिनॉय म्हणून मॅनेजर होता.
त्याने नकार दिला नाही, आश्चर्यही दाखवलं नाही.
म्हणाला, गुलजमान. दुसऱ्यांदा केलंय.
शुक्रवारी खोलीतली पोरं घेऊन समुद्रावर जातो, गळ टाकायला.
मॅडम, त्याच्या पगारातून कापू?

इथे मी थोडं थांबले असं लिहायला बरं वाटलं असतं.
थांबले नाही. कापा म्हटलं.
सहाशे म्हणजे माझेही चार दिवस
लॅबमध्ये दुसऱ्यांचं रक्त फिरवायचे.
तो मागे उभा होता, हिरव्या जाकिटात,
माझ्या चपलांकडे बघत.
किल्ली त्यानेच आणून दिली. दोन्ही हातांनी.

खवलं मी काढलं नाही.
म्हणजे काढायचं राहून गेलं.
आत्या बसल्या एकदा, म्हणाल्या, टिकली पडलीय कुणाची.
सात वर्षं झाली या देशात,
घर, लॅब, लुलू, घर.
कल्ब्याचा समुद्र मी पाहिलेला नाही.
गाडीने पाहिलाय.

पुढच्या तारखेला टॅक्सीने गेले.
गाडी इमारतीखाली कुलूपबंद,
किल्ली पर्समध्ये, पर्स उशाखाली.
नांदेडला साडेबाराला आपोआप जाग आली.
फोन पाहिला.
काही नाही.
मग बराच वेळ पाहत राहिले.